हळदीची जखम

तांदळाची पेज वाटीत निवत ठेवून शर्मिला तारीनं फोन उचलला आणि नवऱ्याच्या पोटातली खबर बघितली.

खबर रोज सकाळी याच वेळी यायची. उदयनं गिळलेला तुरीच्या दाण्याएवढा एक मणी त्याच्या जठराच्या भिंतीला गोगलगायीसारखा चिकटून बसला होता. आतली जखम तो दिवसातून एकदा मापायचा आणि आकडा फोनवर धाडायचा. दवाखान्यातले लोक त्याला मापकमणी म्हणत. उदय म्हणायचा, माझो भाडेकरू.

आज आकडा सहा होता. सहा मिलिमीटर. पंधरवड्यापूर्वी पाच होता, आणि दिवाळीत तीन.

"काय म्हणता माझो भाडेकरू?" पडवीतून आवाज आला.

"ठीक आसा म्हणता."

"ठीक म्हणजे किती?"

"पेज खा आधी. निवली."

"म्हणजे वाढलो," उदय म्हणाला. "तीस वर्सां तांडेल होतंय मी. आभाळाचा तोंड बघून वारो वळखलंय, तुझा तोंड वळखूक कितीसो वेळ?"

शर्मिला हसली. हसण्यातही आता सवयच उरली होती. वाटी त्याच्या हातात देऊन ती उंबऱ्यावर टेकली. उदय चमच्यानं पेज ढवळत बसला. एके काळी हा माणूस चार भाकऱ्या आणि बांगड्याचं तिखलं संपवून वर भात मागायचा. ट्रॉलरवर पाठ धरली की उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या गिळायचा, आणि वर काळा चहा. गोळ्यांनी पोटाचं अस्तर सोललं, आणि सोललेल्या जागी जंतू वस्तीला आला. तो जंतू तसा जुनाच, निम्म्या जगाच्या पोटात असतो. पण आता त्याला कुठलंच प्रतिजैविक लागू पडत नव्हतं. सगळी औषधं त्यानं पचवली होती. दोन वर्षांपूर्वी उदयला काळी उलटी झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की या दुबळ्या हृदयाला भूल सोसणार नाही, कापाकापी करता येणार नाही. व्रण मिटला तर आतूनच मिटायला हवा. पुन्हा रक्त फुटलं तर आमच्या हातात काही नाही.

आणि मग हळदी आली होती.

आली म्हणजे, होतीच. शिरशेवाडीसमोरच्या सातखोल्याच्या खडकावर, कालवांच्या कडेकडेनं, हळदीच्या रंगाचं काहीतरी मऊ, भोकाभोकांचं पिढ्यान्‌पिढ्या वाढत होतं. अमावास्या-पौर्णिमेला मोठी ओहोटी लागली की वाडीतल्या बायका गुडघाभर पाण्यात उतरून कोयतीनं कालवं काढत, आणि कोयतीखाली ते पिवळंही खरवडून निघे. कोणी त्याला शेवाळ म्हणे, कोणी हळदी. कालवं काढताना म्हणायच्या ओवीतही ते होतं:

कालवाच्या कडेक गो, हळद कोणी लायली,
दर्याच्या लेकीची गो, ओटी कोणी भरली.

ते शेवाळ नाही, प्राणी आहे, हे सानिया मुकादमनं येऊन सांगितलं. ती रत्नागिरीची, सागरी औषधांवर काम करणाऱ्या एका संस्थेनं तिला जेटीजवळच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात प्रयोगशाळा थाटून दिली होती. हा स्पंज आहे, ती म्हणाली. याला तोंड नाही, पाय नाहीत, नुसतं पाणी गाळून जगतो. आणि याच्या अंगात एक रसायन आहे. ते जंतूला मारत नाही, त्याची पकड सोडवतं. चिखलात रुतलेला पाय निघावा तसा तो पोटाच्या भिंतीवरून निघून वाहून जातो. मग तेच रसायन जखमेवर पातळ पडद्यासारखं बसतं आणि त्याच्याखाली नवं अस्तर धरतं. 

संस्थेत त्याला सागरलेप म्हणत. चार महिन्यांत उदयचा व्रण अकरावरून तीनवर आला होता. दिवाळीला त्यानं सुरमईचा तुकडा खाल्ला होता, आणि खाऊन रडला होता.

तो तुकडा शर्मिलाला आठवला. चढलेला आकडाही तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. ती उठली, पदर खोचला आणि बर्फाच्या कारखान्याकडे निघाली.

सानिया टेबलावर डोकं टेकून बसली होती. शेजारी चहाचा पेला, वर साय धरलेला.

"निजलंस काय गो?"

"नाही काकी. या." तिनं तोंडावरून हात फिरवला. "उदयकाकांचा आकडा मी पाहिला. फक्त त्यांचाच नाही. कोल्हापूरला वाढलाय, नाशिकला वाढलाय. लेपातली ताकदच गेलीय."

"तुझ्या यंत्रात कायतरी बिघडला असात."

"यंत्र तीनदा तपासलं. बिघाड आपल्या हळदीत आहे. मागच्या ओहोटीला मी खडकावरच्या तीस जागांवरून चिमूट-चिमूट आणली. हे बघा."

टेबलावर कागदाच्या तीस पट्ट्या मांडल्या होत्या. स्पंजाच्या रसाचा थेंब पडला की रसायन असेल तर पट्टी जांभळी होते, हे शर्मिलाला ठाऊक होतं. पहिल्या वर्षी सगळ्या पट्ट्या पिकल्या जांभळासारख्या व्हायच्या. आता त्या धुऊन-धुऊन विटलेल्या पातळासारख्या दिसत होत्या.

"पाणी तापलं असेल म्हणून पाहिलं. नाही. क्षार पाहिले. नाही," सानिया म्हणाली. "आणि हळदी तर इतकी जोमात आहे! कार्तिकापासून दीडपट पसरलीय. मी अहवालात तुमचं कौतुक लिहिलं होतं काकी. संकलनाची आदर्श पद्धत म्हणून."

शर्मिलानं मान खाली घातली. कौतुक खरं तर तिचंच होतं. कार्तिकी पौर्णिमेला, उदयनं मासा खाल्ल्यावर पंधरवड्यानं, तिनंच वाडीतल्या बायका खडकावर नेल्या होत्या. नारळ ठेवला होता आणि गाऱ्हाणं घातलं होतं. गाऱ्हाणं घालायचं ते पुरुषांनी, पण त्या दिवशी कोणी विचारलं नाही. 

"बा दर्या म्हाराजा," ती म्हणाली होती, "ह्या हळदीन आमच्या माणसांक जीवदान दिल्यान. आजपासून हिका लोखंड लागाचा नाय. ती आपसूक सोडीत तेवढाच आमी घेतलंव. होय म्हाराजा!" आणि बावीस बायका एका आवाजात ओरडल्या होत्या, "व्हय म्हाराजा!"

तेव्हापासून त्या खडकावरची कालवं त्यांनी सोडून दिली होती. भरतीच्या लाटांनी गळून खळग्यात पडलेले पिवळे तुकडे तेवढे वेचायचे, पारिजातकाची फुलं वेचावी तसे. कमी मिळायचं, पण मन भरायचं.

तिची नजर पट्ट्यांवरून फिरत होती. ती थांबली. "ही कित्याक काळीकुट्ट?"

"सतरा नंबर. तेच कळत नाहीये. एकटी तीच. मला वाटलं माझ्याच हातून काही चूक झाली."

"सतरा खंय?"

सानियानं पडद्यावर खडकाचा नकाशा उघडला. उत्तरेच्या टोकाला, एका खाचेत, लाल ठिपका होता.

शर्मिला पडद्याजवळ वाकली. "थंय बाबलची होडी बांदतत," ती म्हणाली.

अमावास्याच होती. दिवस कलताना ओहोटी लागली तशा दोघी उतरल्या. पाणी मागे सरत गेलं, सातखोल्याची पाठ उघडी पडली आणि सगळीकडे हळदी दिसू लागली. लठ्ठ, तुकतुकीत, एवढी पिवळी की डोळे दिपावेत. कार्तिकापासून तिला लोखंड लागलं नव्हतं. 

उत्तरेच्या खाचेत मात्र ती रोडावलेली होती. बाबलच्या होडीचा दोर त्या खाचेतून खुंट्याला गेला होता. भरती आली की होडी वर उचलली जायची, दोर ताणायचा आणि हळदीला कापत जायचा. ओहोटीला सैल पडायचा. दिवसातून दोनदा. कापल्या जागी स्पंजाच्या अंगावर नखभर चिकट, पिवळसर साय धरली होती.

सानियानं ती बोटावर घेतली, पट्टीवर टेकवली. पट्टी काळीजांभळी झाली.

ती तशीच ओल्या खडकावर बसली.

"काकी," ती म्हणाली, "संस्थेच्या टाक्यांत सात वर्षं हा स्पंज वाढवतोय आम्ही. गाळलेलं पाणी, हवं तेवढं ऊन, धक्का लागू नये म्हणून काचेच्या पेट्या. उत्तम वाढतो. औषधाचा एक थेंब देत नाही. कुणालाच कारण कळलं नव्हतं."

"आता कळला?"

"याला पळता येत नाही. चावता येत नाही. कोणी कापलं की उघड्या जागी जंतू शिरणार. म्हणून तो हे तयार करतो. जंतूला चिकटू न देणारं, वरून झाकणारं." तिनं बोट पुसलं. "आपण ज्याला औषध म्हणतो ना, ते त्याचं स्वतःच्या जखमेवरचं मलम आहे. जखम नाही, तर मलम नाही. तुमच्या कोयत्या खरवडत होत्या तोवर मिळत होतं."

"आणि आमी त्येका जपला," शर्मिला म्हणाली.

दर्या खाली गेला की एक पोकळ आवाज खडकातून येतो, कोणी मोठं माणूस दमून उसासा टाकतं तसा. दोघी तो ऐकत राहिल्या. शर्मिलाला वाटलं, एवढी वर्षं आपण थकलो ते कामानं. आज पहिल्यांदा चांगुलपणानं थकवा आला.

सानियानं लगेच काही जाहीर केलं नाही. आधी खात्री, ती म्हणाली. प्रयोगशाळेतल्या टाकीतल्या स्पंजाला तिनं पात्यानं बारीक चीर दिली आणि रोज एक पट्टी बुडवली. तीन दिवस काही नाही. पाचव्या दिवशी फिकट झाक. नवव्या दिवशी पट्टी जांभळी झाली, आणि तिनं शर्मिलाला फोन केला. त्या सकाळी उदयचा आकडा सात होता.

दुपारी शर्मिलानं बायकांना जाळी वाळवायच्या पुळणीवर बोलावलं आणि जे होतं ते सांगितलं. आधी वर्षा खवणेकर बोलली. वर्षाची जीभ वाडीत प्रसिद्ध होती.

"म्हणजे तू गाऱ्हाणा घातलंस, आमी 'व्हय म्हाराजा' केला, आणि आता तूच सांगतंस की नाय म्हाराजा?"

दोघी-तिघी हसल्या. शर्मिलाही हसली असती.

"तसाच समज."

"दर्या काय तहसीलदार आसा? काल अर्ज केलो, आज मागे घेतलो?"

"वर्षा, पोटात सात झालो गो त्येंच्या."

वर्षानं पदर सारखा केला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माका ठावक नाय होता." आणि पुढे, "पण मी लोखंड लावचंय नाय. तुझो घोव माका भावासारखो, तरीपण नाय. माझो हात उचलाचो नाय."

"तू लाव नको. माझ्या तोंडान गेला ता मीच परत घेतंय."

तिथेच, वाळूवर उभी राहून, समुद्राकडे तोंड करून तिनं दुसरं गाऱ्हाणं घातलं. पहिल्या वेळी शब्द आपोआप आले होते. या वेळी एकेक ओढून काढावा लागला. "बा दर्या म्हाराजा, चुकलंय माकलंय. तुझ्या लेकीक आमी जपूक गेलंव, तर आमचीच माणसां पडाक लागली. आता पुना तिका लोखंड लागतला. तेचो दोष ह्या वाडीक लागूचो नाय, माका लागू दे. होय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," बायका म्हणाल्या. आवाज विस्कळीत आला, आणि त्यात वर्षाचा नव्हता.

पौर्णिमेच्या पहाटेची ओहोटी ठरली. आदल्या दिवशी उदयला मळमळलं, पण उलटी झाली नाही. तो पडवीत भिंतीला टेकून बसला होता. शर्मिला कोयतीला धार लावत होती.

"कापतलंस म्हणे हळदीक."

"होय."

"तिका दुखता काय गो?"

"सानिया म्हणता, दुखूक मेंदू लागता, शिरा लागतत. तिका तसला कायच नाय."

"मगे मलम कित्याक लावता?" उदयनं विचारलं. तो चेष्टा करत नव्हता. ज्याच्या पोटात जखम आहे तो माणूस विचारतो तसं विचारत होता.

शर्मिलानं पात्यावरून अंगठा फिरवला. हेच तिनं सानियालाही विचारलं होतं; ते अजून कोणालाच ठाऊक नाही, एवढंच ती म्हणाली होती.

पहाटे तांबडं फुटताना सानिया खडकावर उभी होती. हातात एक करडा, पातळ हातमोजा.

"काकी, कोयती धरायच्या आधी हा घाला. काल संस्थेतून पाठवलाय."

"कित्याक? हात कापाचो नाय माझो."

"हा तुमच्या हाताचा दाब मोजतो. किती जोर, किती खोल, कुठे थांबला." ती जरा अडखळली. "लेपाची वाट बघणारी चाळीस हजार माणसं आहेत. तुमच्या बावीस जणींच्या हातांनी ते होणार नाही, काकी. पावसाळा सरला की कापणारी यंत्रं येतील, किनारा भरून. त्यांना शिकवायला एक हात हवा. उथळ गेलं तर मलम येत नाही. खोल गेलं तर स्पंज मरतो. मी पात्यांनी करून पाहिलं, निम्मे मेले. तुमच्या कोयत्यांखाली मात्र एवढ्या पिढ्या जगलाय तो."

"आमी काय मापून केलंव?"

"म्हणूनच हातमोजा."

शर्मिलानं तो घातला. आत घाम आला, तरी कोयती ओळखीची लागली. ती पहिल्या स्पंजापाशी वाकली, पातं टेकवलं आणि ओढलं. वरचं अंग मऊ, लोण्यासारखं. मग पात्याला कणकण लागते, रव्यासारखी. तिथे हात आपोआप थांबतो. कोणी शिकवलं नव्हतं. आईच्या पाठोपाठ वाकता-वाकता हाताला लागलेली सवय होती. दुसरा. तिसरा. 

"सुंदर," सानिया हातातल्या डिजिटल पाटीवर उमटलेल्या दाबाच्या रेषा बघत म्हणाली. "तिन्ही वेळा एकाच जागी थांबलात. केसाचाही फरक नाही. आता नऊ दिवस यांना हात लावायचा नाही. मलम धरलं की खरवडून घ्यायचं."

"खरवडून घेवचा," शर्मिला पुटपुटली. "म्हणजे आधी जखम करूची, आणि ती झाकली की झाकणच काढून न्हेवचा."

सानियानं पाटीवर चौथ्या रेषेसाठी जागा उघडली.

कमरेला खोचलेला फोन थरथरला. खबरीची वेळ झाली होती. बघू नये असं मनात येऊनही शर्मिलानं डाव्या हातानं तो काढला. साडेआठ. आणि खाली, या दोन वर्षांत कधी न दिसलेला, एक छोटा लाल ठिपका. ठिपक्याचा अर्थ तिला दवाखान्यात समजावून दिला होता: कडेला ओलसरपणा, रक्त फुटण्याच्या बेतात.

नऊ दिवस.

तिनं फोन परत खोचला. चौथ्या स्पंजावर कोयती टेकवली आणि ओढली. मऊ अंग गेलं. रव्यासारखी कणकण लागली. हात थांबला नाही. मोठी जखम, तर मलमही जास्त, एवढंच काहीतरी तिच्या दंडातून खाली उतरलं. आणि पातं कणकणीतून आरपार गेलं, खडकावर घासून खर्रकन वाजलं. स्पंजाचा तळहाताएवढा तुकडा सुटून पाण्यात पडला. उघड्या पडलेल्या खडकावरून दुधाळ पाणी ओघळू लागलं.

ती बघत राहिली. सानियाही. पाटीवर तीन रेषा एकसारख्या होत्या, आणि चौथी सरळ खाली गेलेली.

"चवथी पुसून टाक," शर्मिला म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"पुसते." सानियाचं बोट पाटीवर आलं आणि तिथेच राहिलं. "पण काकी, तुम्हाला एक विचारू? यंत्रं आली की ती चालवणारे कोणीतरी असणार. त्यांना रोज सकाळी चाळीस हजार माणसांचे आकडे येणार. लाल ठिपके येणार. तेव्हा ती माणसं यातल्या कुठल्या रेषेवर थांबतील?"

भरतीचं पहिलं पाणी खडकाच्या कडेशी वळवळू लागलं होतं. घरी उदय उठला असेल. फोन हाताशी नाही म्हणून भिंतीकडे बघत, ती येण्याची वाट पाहत बसला असेल. पाचवा स्पंज समोर होता, लठ्ठ आणि पिवळा. शर्मिलानं त्याच्या अंगावर कोयती टेकवली. मूठ घट्ट झाली, सैल झाली, पुन्हा घट्ट झाली.

"सानिया," पातं न हलवता ती म्हणाली, "कणकण लागली की माझो हात धरशीत काय गो?"